१९५० च्या अमेरिकेत एका पगारात घर, गाडी, फ्रिज: हे खरंच परवडायचं का?

मुक्ता_पुणे

नमस्कार मंडळी,

सध्या मोबाइलवर एक चित्र सारखं फिरतंय, तुम्हीही पाहिलं असेल. पन्नासच्या दशकातली अमेरिका. बुटकं पांढरं घर, पुढे हिरवळ, दारात लांबलचक गाडी, फ्रिजला टेकून हसत उभी असलेली बाई, गळ्यात मोत्यांची माळ. खाली लिहिलेलं असतं की तेव्हा हे सगळं एका माणसाच्या पगारात व्हायचं.

आमच्याकडे दोन पगार येतात, दोन्ही बरे म्हणावेत असे. तरी बाणेरच्या एका टू बीएचकेची कॉस्ट शीट हातात पडली आणि घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. त्यामुळे ते चित्र बघितलं की माझा जळफळाट होतो, खोटं का सांगा!

बाबांना विचारलं तर म्हणाले, "अमेरिका श्रीमंतच होती, त्यात काय विचारायचं?" पण श्रीमंत देशातही घर कोणीतरी विकत घेतं, त्याला हप्ता असतो, हप्त्यामागे पगार असतो. मला तो हिशेब हवाय. चित्र खरं आहे की नुसती जाहिरात? आणि खरं असेल तर ते नेमकं कोणाला जमलं? तिकडे राहणाऱ्यांनी किंवा वाचलेल्यांनी जरा आकड्यांसकट सांगा ना.

खडूस_जोशी

त्या बाईला मोती खरे होते का, हे कोणी विचारलंय का? असो.

कारण साधं आहे. युद्ध संपलं तेव्हा जर्मनी, जपान बेचिराख, इंग्लंड कर्जात बुडालेलं. जगातला जवळपास निम्मा कारखानी माल एकटी अमेरिका बनवत होती. स्पर्धक नाही म्हटल्यावर मालकालाही पगारवाढ द्यायला काय जातंय? त्यात युनियन तगड्या. १९५० साली जनरल मोटर्सने वाहन कामगारांच्या युनियनशी पाच वर्षांचा करार केला, त्यात महागाईप्रमाणे वाढणारा पगार, पेन्शन, दवाखान्याचा विमा सगळं आलं. नशीब आणि युनियन. तुझे बाबा बरोबर आहेत, फक्त थोडक्यात बोलले.

बक्सकाकू

मुक्ता, मी पेन्सिल्व्हेनियात बक्स काउंटीतल्या लेव्हिटाउनमध्ये राहते, म्हणजे तुझ्या त्या चित्रातच म्हण ना. आणि नोकरीची सगळी वर्षं एका बँकेत घरकर्जाच्या फायली तपासण्यात गेली. त्यामुळे मोत्यांपेक्षा मला हप्त्याचं जास्त कळतं. तिथूनच सुरू करते.

पहिलं लेव्हिटाउन आमचं नव्हे, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं. १९४७ साली लेव्हिट आणि मुलगे या कंपनीने बटाट्याच्या शेतांवर घरं उभारायला घेतली. थोरला मुलगा विल्यम धंदा बघायचा, धाकटा आल्फ्रेड नकाशे काढायचा. पद्धत कारखान्याची, फक्त उलटी: माल जागेवर, कामगार फिरते. घर बांधण्याचे सत्तावीस टप्पे पाडलेले आणि प्रत्येक टप्प्याची टोळी वेगळी. एका टोळीने फरशा बसवायच्या आणि पुढच्या घराकडे वळायचं, तोवर मागून रंगारी हजर. काम भरात असताना दिवसाला तीसेक घरं उठायची. चार-पाच वर्षांत सतरा हजारांच्या वर झाली.

आता घर कसलं ते ऐक. साडेसातशे चौरस फूट. दोन खोल्या झोपायच्या, एक बाथरूम, स्वयंपाकघर, बैठकीची खोली, वर अर्धवट सोडलेला माळा. तळघर नाही, गॅरेज नाही. काँक्रीटच्या लादीत तांब्याच्या नळ्या पुरलेल्या, त्यातून गरम पाणी फिरायचं, ती थंडीतली ऊब. म्हणजे तुझ्या बाणेरच्या टू बीएचकेपेक्षा फार मोठं नाही, जमीन मात्र स्वतःची, साठ बाय शंभर फूट. बेंडिक्स कंपनीचं कपडे धुण्याचं मशीन घराच्या किमतीतच यायचं आणि १९५० च्या घरांत तर भिंतीत बसवलेला टीव्हीसुद्धा. मशीन दिलं तरी नियम होताच: शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. कुंपण घालायचं नाही. गवत वाढवलंत तर कंपनी माणूस पाठवून कापून घेणार आणि बिल तुमच्या नावावर. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे वाचायला देऊ नकोस.

किंमत १९४९ साली ७,९९० डॉलर. सैन्यातून परतलेल्याला आधी भरायची रक्कम शून्य. व्याज चार टक्के. तीस वर्षांची मुदत धरली तर मुद्दल आणि व्याज मिळून हप्ता ३८ डॉलर येतो, करून बघ. कर वगैरे धरून महिन्याला ५८ च्या आसपास जायचे. १९५० साली मधल्या अमेरिकन कुटुंबाची वर्षाची कमाई ३,३०० डॉलर, म्हणजे महिन्याला २७५. पगाराचा पाचवा हिस्सा घराला गेला. आणि घराची पूर्ण किंमत वर्षाच्या कमाईच्या अडीच पटीच्याही आत. तुझी कॉस्ट शीट काढ आणि तुमच्या दोघांच्या वर्षाच्या कमाईने भाग. नको, राहू दे.

म्हणजे चित्र खरं आहे. पण का खरं आहे, यात जोशीबुवांशी माझं जमत नाही. पगार चांगले होते हे कबूल. नुसत्या पगाराने घर होत नाही, कर्जाने होतं, आणि कर्ज कोणत्या अटींवर मिळतं यावर सगळं असतं. तिसाच्या दशकातल्या महामंदीच्या आधी अमेरिकेत घरकर्ज पाचेक वर्षांचं असायचं, निम्मी किंमत आधी खिशातून आणि मुदत संपली की मुद्दलाचा मोठा गोळा एकदम. १९३४ मध्ये संघीय गृहनिर्माण प्रशासन आलं, त्याने बँकांना कर्जाचा विमा दिला. १९४४ मध्ये सैनिकांसाठीचा कायदा आला, त्यात सरकार स्वतः जामीन राहिलं. आपल्याकडे बँक म्हणते ना, दोन जामीनदार आणा? इथे जामीनदार अमेरिकेचं सरकार! बँकेला धोका उरलाच नाही. १९५२ पर्यंत माजी सैनिकांच्या २४ लाख घरकर्जांना सरकारने अशी हमी दिली. हप्त्यातलं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा, ते वेगळंच. पुढे १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांचे महामार्ग ठरले, त्याचा ९० टक्के खर्च केंद्राचा. गावाबाहेर स्वस्त घर घेतलं तरी कामावर पोचायची सोय झाली.

एका पगारात घर झालं खरं, पण दुसरा पगार वॉशिंग्टनचा होता, तो हातात पडत नव्हता एवढंच.

गंमत म्हणजे हे सगळं सरकारच्या पाठिंब्यावर चालू असताना सरकारी मदतीला शिव्या घालणं हा तेव्हाचा जोडधंदा. विल्यम लेव्हिटचं प्रसिद्ध वाक्य आहे: ज्याच्याकडे स्वतःचं घर आणि जमीन आहे तो कम्युनिस्ट होऊच शकत नाही, त्याच्यामागे कामं फार असतात. (हिरवळ कापून बघा, पटेल.) सिनेटर जोसेफ मॅकार्थी कम्युनिस्टांची यादी फडकावून गाजले ते १९५० मध्ये. त्याआधी १९४७-४८ ला ते घरांच्या प्रश्नावर सुनावण्या घेत फिरत होते आणि सरकारने बांधलेल्या भाड्याच्या घरांवर तुटून पडत होते. १९४९ च्या कायद्याने सहा वर्षांत ८,१०,००० सार्वजनिक घरं बांधायचं वचन दिलं होतं. सहा वर्षांत ती काही झाली नाहीत. कर्जाला जामीन राहणं ही मदत मानली जात नव्हती, भाड्याचं घर बांधून देणं म्हणजे मात्र समाजवाद.

आता तुझा शेवटचा प्रश्न, कोणाला जमलं. लाँग आयलंडची घरं सुरुवातीला भाड्यानेही द्यायचे, त्या पहिल्या भाडेकरारातलं पंचविसावं कलम वाच: कॉकेशियन (म्हणजे गोऱ्या) वंशाच्या लोकांखेरीज कोणालाही ही जागा वापरू देणार नाही, असं भाडेकरूने लिहून द्यायचं. घरकामाच्या माणसांना तेवढी सूट. म्हणजे काळी बाई फरशी पुसायला आलेली चालेल, झोपायला नाही. हे एकट्या बिल्डरचं खूळ नव्हतं. ज्या वस्तीत काळे-गोरे एकत्र, तिथलं कर्ज धोक्याचं, असं सरकारी गृहनिर्माण प्रशासनाच्याच नियमावलीत होतं. मिसिसिपीतल्या तेरा गावांची १९४७ ची आकडेवारी आहे: माजी सैनिकांना हमीची ३,२२९ कर्जं मिळाली, त्यात काळ्या सैनिकांना दोन. दोनशे नव्हे गं, दोन. युद्ध तर तेही लढून आले होते.

मुक्ता_पुणे

काकू, भाग घातला. भागाकार इथे लिहीत नाही.

दोन शंका. एक, १९४८ साली कोर्टाने असल्या अटी रद्द केल्या असं कुठेतरी वाचलंय, मग पुढे कसं चाललं? दोन, बायका खरंच सगळ्या घरीच होत्या का? आणि अजून एक (तीन झाल्या): तेव्हा आपल्यापैकी कोणी तिथे असता तर त्या कॉकेशियन कलमात बसला असता का?

सनीव्हेलचा_सदा

तिसऱ्या शंकेचं मी सांगतो. भगतसिंग थिंड नावाच्या शीख गृहस्थांनी नेमका हाच मुद्दा सुप्रीम कोर्टात नेला होता. मानववंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन, म्हणून मला नागरिकत्व द्या. १९२३ मध्ये कोर्टाने निकाल दिला की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. झालं. आधी नागरिक झालेल्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला लागले. इथे कॅलिफोर्नियात तर नागरिक होऊ न शकणाऱ्याला शेतजमीन घ्यायलाच बंदी.

१९४६ मध्ये अध्यक्ष ट्रुमननी लूस-सेलर कायद्यावर सही केली तेव्हा भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं आणि कोटा मिळाला वर्षाला १०० माणसांचा. अख्ख्या हिंदुस्थानला शंभर! दलीपसिंग सौंद हे त्यातलं ठळक उदाहरण. १९२० ला बर्कलीत शिकायला आले, गणितात पीएचडी केली आणि नोकरी मिळेना म्हणून इम्पीरियल व्हॅलीत शेती. १९४९ ला नागरिक झाले आणि १९५६ ला थेट काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकन संसदेवर, निवडून गेले. आशियाई वंशाचा पहिलाच सदस्य.

आपली मराठी मंडळी लोंढ्याने आली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर. घर विकताना-भाड्याने देताना वंश बघायला देशभर बंदी आली १९६८ मध्ये. म्हणजे पहिल्या फळीतले इंजिनियर काका-मावशी उतरले, तेव्हा दारावर नाही म्हणणं अजून कायदेशीर होतं. विचारा त्यांना. बरेच जण विषय बदलतात.

बक्सकाकू

सदा, छान लिहिलंस.

मुक्ता, कोर्टाचं. १९४८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने एवढंच म्हटलं की असल्या करारांची अंमलबजावणी कोर्टं करून देणार नाहीत. लेव्हिटने कलम कागदावरून काढलं आणि विक्रीच्या टेबलावर तेच चालू ठेवलं. त्यांचं म्हणणं, आम्ही घरांचा प्रश्न सोडवू किंवा वंशाचा, दोन्ही एकदम नाही. स्वतः ज्यू होते, ज्यूंना अनेक वस्त्यांत घर मिळत नसे हे माहीत असलेले. त्याचा मला जास्त राग येतो.

आमच्या गावात ते फुटलं १९५७ च्या ऑगस्टमध्ये. इथे प्रत्येक विभागातल्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात (नवा पाहुणा हमखास चुकतो). डॉगवुड हॉलो विभागात डीपग्रीन लेनवर विल्यम आणि डेझी मायर्स हे काळं जोडपं तीन मुलांसह राहायला आलं. घर कंपनीकडून नाही, आधीच्या मालकाकडून घेतलेलं. संध्याकाळपर्यंत दारात जमाव. दगड आले, पुढची मोठी काच फुटली. हे एक-दोन दिवसांत मिटलं नाही, आठवडेच्या आठवडे चाललं. मागच्या रिकाम्या घरात टोळकं अड्डा करून बसलं, अमेरिकन यादवीतल्या दक्षिणेचा, म्हणजे गुलामगिरीवाल्या राज्यांचा झेंडा लावून मोठ्याने गाणी. ज्या गोऱ्या शेजाऱ्यांनी मायर्सना साथ दिली त्यांच्या भिंतीवर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची अक्षरं रंगवली. गव्हर्नरना राज्याचे पोलीस पाठवावे लागले. एका शेजाऱ्याचं म्हणणं तेव्हाच्या लाइफ मासिकात छापून आलं होतं: माणूस चांगला असेल, पण त्याच्याकडे बघितलं की मला माझ्या घराचे दोन हजार डॉलर कमी झालेले दिसतात.

हे वाक्य मला फायली तपासताना फार उपयोगी पडलं. तो माणूस बहुधा राक्षस नव्हता. सरकारी नियमावलीत लिहिलेलंच तो पाठ म्हणून दाखवत होता. मायर्स कुटुंब चार वर्षं राहिलं, हटलं नाही. १९९९ मध्ये ब्रिस्टल टाउनशिपच्या महापौरांनी डेझीबाईंना बोलावून माफी मागितली.

आता बायकांचं. सगळ्या घरी नव्हत्याच. १९६० मध्ये दहातल्या तीन विवाहित बायका नोकरी करत होत्या. ज्या घरी होत्या त्यांतल्याही कितीतरी जणी टपरवेअरच्या पार्ट्या करून डबे विकायच्या. ती विक्रीची पद्धत वाढवली ब्राउनी वाइज या बाईने, १९५४ साली बिझनेस वीक मासिकाच्या मुखपृष्ठावर आलेली पहिली बाई. मग चित्रात एकच पगार का? कारण बँक एकच धरायची. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या जुन्या बाईंनी मला जी गोष्ट सांगितली ती आधी खोटी वाटली होती, नंतर कागद पाहिले. बायको वयाने तरुण असली की तिचा पगार निम्माच धरायचा, नाहीतर धरायचाच नाही. आज ना उद्या बाळंतपण येणार आणि नोकरी सुटणार, हे गृहीत. पूर्ण धरून हवा असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणा, की या बाईला मूल होणार नाही, किंवा व्हायला नको म्हणून ती उपाय करतेय. बेबी लेटर म्हणायचे त्याला. माजी सैनिकांच्या सरकारी कर्जालाही हीच तऱ्हा, सत्तरच्या दशकापर्यंत. १९७४ च्या कायद्याने ते थांबलं.

माझं मत असं, की यात एक कडू गंमत आहे. बँक एकाच पगारावर कर्ज देते म्हटल्यावर बिल्डरलाही किंमत एका पगाराच्या आवाक्यातच ठेवावी लागे. दोन्ही पगार धरायला लागल्यावर किमतींनी दुसराही खाल्ला. कायदा चुकला असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही, बायकांचा पगार पगारच होता. घरं तेवढी वाढवली नाहीत, ते चुकलं. लाँग आयलंडवरचं तेच ७,९९० वालं घर, मागेपुढे वाढवलेलं, आज सहा लाख डॉलरच्या वर जातं.

खडूस_जोशी

काकू, आकडे मान्य. पण तुम्ही सरकारला फारच श्रेय देताय. मॉस्कोत १९५९ च्या प्रदर्शनात अमेरिकेने मांडलं काय? तर लाँग आयलंडच्या एका बिल्डरचं घर, बरोबर मधून कापून वाट काढलेलं, लोकांना आत बघता यावं म्हणून. किंमत चौदा हजार. पिवळ्याधमक स्वयंपाकघरासमोर उभे राहून अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष निक्सन सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना सांगतात, आमचा साधा पोलाद कामगारसुद्धा हे घेऊ शकतो, ताशी तीन डॉलर मिळवतो, महिन्याला शंभर डॉलर भरले की झालं. ख्रुश्चेव्ह म्हणाले, आमच्याकडे जन्माला आलात की घराचा हक्क मिळतो. कोणाच्या घराला रांग लागली असती ते सांगा? बाजारानेच केलं हे.

बक्सकाकू

रांग कुठे लागली असती यात वादच नाही जोशीबुवा, मी स्वतः त्या रांगेत लागून इथे आले. आणि कामगाराचा हिशेबही बरोबर होता, पाचवा हिस्साच येतो.

फक्त निक्सनचं वाक्य तुम्ही मधून सोडलंत. त्यांनी आधी म्हटलं होतं, आमचे पोलाद कामगार सध्या संपावर आहेत. ती तारीख २४ जुलै आणि संप सुरू झाला होता १५ जुलैला. पाच लाख माणसं, त्यात आमच्या गावाला लागून असलेल्या यू. एस. स्टीलच्या फेअरलेस कारखान्यातलीही. इथली कितीतरी घरं त्याच कारखान्याच्या पगारावर घेतलेली. संप ११६ दिवस चालला, शेवटी कोर्टाच्या हुकमाने कामावर परतले. तेवढ्या दिवसांत मोटारी आणि इमारतींवाल्यांनी जपान आणि युरोपकडून पोलाद मागवायला सुरुवात केली. शतकात पहिल्यांदाच अमेरिकेची पोलादाची आयात निर्यातीपेक्षा वाढली. तुम्ही पहिल्या प्रतिसादात बेचिराख म्हणालात ना, तेच कारखाने.

मुक्ता, हप्त्याचं गणित लाडक्या एक्सेलमध्ये घालून हवं असेल तर व्यक्तिगत निरोप कर. तुमच्या कॉस्ट शीटचंही करून देते, पण नवऱ्याला शेजारी बसव.